नियम बदलला, पक्ष वाढले, मग सवयी बदलायला लागल्या: न्यूझीलंडचे प्रकरण

लोकशाही देशांतील पक्षपद्धतींची तुलना करायची म्हटले की आपण पक्ष मोजायला बसतो. अमेरिकेत दोन, जर्मनीत पाच-सहा, नेदरलँड्सच्या दीडशे जागांच्या सभागृहात पंधराच्या आसपास, भारताच्या लोकसभेत तीन डझनांहून जास्त. ही मोजणी लागतेच, पण तेवढ्यावर थांबले की मुख्य प्रश्न मागे राहतात. निवडणुकीनंतर कोणता पक्ष कोणाबरोबर सरकारात बसू शकतो? आणि ते मतदाराला मत देण्याआधी कळते, की मोजणी झाल्यावर?

न्यूझीलंडचे प्रकरण या प्रश्नांसाठी फार उपयोगी आहे. समाज तोच, संसद तीच, दोन मुख्य पक्षही तेच राहिले. बदलला तो मते जागांत रूपांतरित करण्याचा नियम. राज्यशास्त्रात इतकी स्वच्छ तुलना क्वचित मिळते. या लेखात नेत्यांची ओळख पदांनी दिली आहे, नावांनी नाही. इथे प्रश्न व्यक्तींचा नाही, प्रत्येक टप्प्यावर समोर कोणते पर्याय होते याचा आहे.

पार्श्वभूमी

१९३५ मध्ये लेबर पक्ष सत्तेवर आला आणि त्याला तोंड देण्यासाठी १९३६ मध्ये विरोधकांनी एकत्र येऊन नॅशनल पक्ष काढला. पुढची जवळजवळ सहा दशके सत्ता या दोघांतच फिरली. निवडणूक ब्रिटिश वळणाची होती: एका मतदारसंघातून एक सदस्य, आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी असली तरी चालतील.

या नियमाचा परिणाम फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५० च्या दशकातच नेमका सांगितला होता. तिसऱ्या पक्षाची मते देशभर विखुरली की बहुतेक ठिकाणी तो दुसरा-तिसरा येतो आणि जागा मिळत नाहीत. हे मतदाराला कळले की तो मत वाया जाऊ नये म्हणून दोन मोठ्यांपैकी एकाकडे वळतो. म्हणजे तिसऱ्याला आधी मोजणीत मार बसतो आणि नंतर मतदारांच्या मनात. न्यूझीलंडमध्ये सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाने १९५४ मध्ये ११ टक्के मते घेतली, जागा शून्य. १९६६ मध्ये साडेचौदा टक्के मतांवर एक.

भारतात हाच नियम असून इतके पक्ष कसे, असा प्रश्न इथे मराठी वाचकाच्या मनात येणारच. उत्तर असे की हा नियम लढत दुरंगी करतो ती मतदारसंघापुरती, फार तर राज्यापुरती. तमिळनाडूतले दोन मोठे स्पर्धक वेगळे, पश्चिम बंगालमधले वेगळे; त्यांची बेरीज दिल्लीत जाऊन डझनावारी होते. न्यूझीलंड लहान, संघराज्य नाही, बळकट प्रादेशिक पक्ष नाहीत. त्यामुळे प्रत्येक मतदारसंघातली लढत त्याच दोन पक्षांची झाली.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या देशात वरिष्ठ सभागृह १९५० नंतर उरले नव्हते. एकसंध लिखित राज्यघटना नाही, सरकारला अडवणारी राज्ये नाहीत. सभागृहात एका पक्षाचे साधे बहुमत झाले की तीन वर्षे त्याच्या मंत्रिमंडळाला कायदे करण्यापासून रोखणारे फारसे काही नसे.

प्रश्न कुठे पेटला

१९७८ मध्ये लेबरला ४०.४ टक्के मते मिळाली, नॅशनलला ३९.८. जागा मात्र लेबरला ४० आणि नॅशनलला ५१. तीन वर्षांनी पुन्हा तेच घडले: लेबर ३९.० टक्के आणि ४३ जागा, नॅशनल ३८.८ टक्के आणि ४७ जागा. त्याच १९८१ च्या निवडणुकीत सोशल क्रेडिटला २०.७ टक्के मते पडली. पाचातल्या एका मतदाराने निवडलेल्या पक्षाला ९२ पैकी २ जागा मिळाल्या. १९८४ मध्ये आणखी एका नव्या पक्षाने १२ टक्के मते घेतली आणि एकही जागा जिंकली नाही.

पण आकड्यांचा अन्याय एवढ्यानेच लोक रस्त्यावर येत नाहीत, व्यवस्था बदलायलाही निघत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२४ साली ३३.७ टक्के मतांवर एका पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, तरी नियम तोच राहिला. न्यूझीलंडमध्ये लोकांचा संयम सुटला तो पुढच्या सात-आठ वर्षांत.

१९८४ मध्ये आलेल्या लेबर सरकारने चलनाचे अवमूल्यन केले, डॉलर बाजारावर सोडला, शेतीची अनुदाने काढली, १९८६ मध्ये वस्तू व सेवा कर आणला, सरकारी खाती कंपन्यांत बदलली आणि त्यांतल्या काही पुढे विकल्या. कामगारांचा म्हणवणारा पक्ष हे करील, असे त्याला मत देणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. १९९० मध्ये संतापलेल्या मतदारांनी नॅशनलला आणले: ४७.८ टक्के मते आणि ९७ पैकी ६७ जागा. वृद्धांच्या निवृत्तिवेतनावरचा अधिभार काढून टाकू, हे त्या पक्षाचे ठळक आश्वासन होते. सत्तेवर आल्यावर ते मोडले आणि त्याबरोबर बेरोजगारांचे व इतर गरजूंचे भत्तेही कापले.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. सुधारणा चांगल्या की वाईट, हा वेगळा वाद. मतदाराने दोन्ही दारे ठोठावून पाहिली आणि दोन्ही दारांमागे एकच कार्यक्रम निघाला. द्विपक्षीय पद्धतीचे समर्थक सांगतात की तिच्यात जबाबदारी स्पष्ट असते, आवडले नाही तर सरकार बदलता येते. सरकार बदलूनही धोरण बदलले नाही, तेव्हा त्या युक्तिवादातला जीव गेला.

समोरचे पर्याय

१९८५ मध्ये सरकारने निवडणूक पद्धतीवर शाही आयोग नेमला. न्यायखाते तेव्हा कायद्याच्या एका माजी प्राध्यापकाकडे होते आणि त्यांना हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटत होता. आयोगाच्या पाच सदस्यांत एकही खासदार नव्हता. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. बाकीच्यांत एक संख्याशास्त्रज्ञ, कायद्याचे आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक, आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजातला एक संशोधक. पक्षाच्या माणसांना बाहेर ठेवण्याचा हा निर्णय लहान वाटतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. खासदारांची समिती असती तर चर्चा कोणाच्या किती जागा जातील यावर अडली असती.

आयोगाने आधी कसोट्या ठरवल्या आणि मग पद्धती तपासल्या. कसोट्या दहा होत्या: पक्षांमध्ये न्याय, अल्पसंख्य गटांचे आणि माओरींचे प्रतिनिधित्व, मतदारसंघाशी नाते, परिणामकारक सरकार, परिणामकारक संसद, परिणामकारक पक्ष वगैरे. सगळ्या कसोट्या एकाच पद्धतीत पूर्ण होत नाहीत, हे आयोगाला माहीत होते. म्हणून कुठे काय सोडायचे ते उघडपणे मांडता आले.

जुनी पद्धत ठेवणे हा एक पर्याय होता. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासारखी पसंतीक्रमाची पद्धत दुसरा. तिच्यात विजेत्याला निम्म्याहून जास्त पाठिंबा लागतो, पण विखुरलेल्या लहान पक्षांना जागा मिळत नाहीतच. आयर्लंडसारखे बहुसदस्यीय मतदारसंघ आणि बदली मत, म्हणजे एका उमेदवाराला न लागलेले मत मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जाणे, हा तिसरा. यात मतदाराला भरपूर निवड मिळते, पण एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्ध लढतात.

खरी गंमत उरलेल्या दोन पद्धतींच्या तुलनेत आहे, कारण कागदावर त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्हींत काही सदस्य मतदारसंघातून येतात आणि काही पक्षाने आधी जाहीर केलेल्या यादीतून. समजा, एका पक्षाला देशभर १० टक्के मते मिळाली आणि त्याने चार मतदारसंघ जिंकले. पूरक सदस्य पद्धतीत यादीच्या जागा स्वतंत्रपणे वाटल्या जातात. त्या ३० असतील तर पक्षाला त्यांतल्या तीन, म्हणजे एकूण सात. मिश्र प्रमाणशीर पद्धतीत आधी पूर्ण सभागृहाचा हिशोब होतो. १२० जागांचे १० टक्के म्हणजे १२; त्यातले चार मतदारसंघांतून आले, आठ यादीतून भरून दिले. पहिल्या पद्धतीत मोठ्या पक्षाचे वर्चस्व थोडे कमी होते, दुसऱ्या पद्धतीत ते मतांच्या प्रमाणात येते. जपानने १९९४ मध्ये पहिल्या जातीची पद्धत निवडली, ३०० जागा मतदारसंघांच्या आणि २०० यादीच्या, आणि तिथला सर्वांत मोठा पक्ष पुढेही मोठाच राहिला. न्यूझीलंडच्या आयोगाने दुसरी सुचवली. पश्चिम जर्मनीत ती १९४९ पासून चालू होती आणि सरकारे कोसळत नव्हती, हा त्यांच्या हाताशी असलेला सर्वांत भक्कम पुरावा होता.

डिसेंबर १९८६ च्या अहवालात आयोगाने १२० जागा आणि यादीत वाटा मिळवण्यासाठी चार टक्के मतांची किमान अट सुचवली. माओरींसाठी १८६७ पासून चालत आलेल्या राखीव जागा रद्द कराव्यात, त्याऐवजी माओरी पक्षांना ती अट लावू नये, असेही सुचवले.

पहिला निर्णय: काहीच न करणे

अहवाल आला आणि लेबर पक्षालाच तो नको झाला. आयोग नेमला तेव्हा पक्षाच्या डोक्यात दोनदा हुकलेली सत्ता होती. अहवाल हातात आला तेव्हा पूर्ण बहुमत होते. ज्या शिडीने वर चढलो ती बदलायला कोण तयार होईल? १९८७ च्या निवडणुकीआधीच्या दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत पंतप्रधानांनी या विषयावर सार्वमत घेण्याचे वचन दिले. पक्षाचे तसे ठरलेले नव्हते आणि त्यांच्या स्वतःच्या सहकाऱ्यांनाही त्याचे आश्चर्य वाटले. निवडणूक जिंकल्यावर सार्वमत झाले नाही.

ते वचन मोडले गेल्यामुळेच विषय जिवंत राहिला. आता नॅशनलला बोलण्याची संधी मिळाली आणि १९९० च्या प्रचारात त्यानेही सार्वमताचे वचन दिले. त्याच्या नेत्यांना हा बदल हवा होता असे कोणी म्हणणार नाही. पण इतर वचने मोडल्यावर हेही मोडणे परवडणारे नव्हते.

दुसरा निर्णय: प्रश्न कसा विचारायचा

सरकारने सार्वमत दोन टप्प्यांत घेतले. १९ सप्टेंबर १९९२ च्या मतपत्रिकेवर दोन भाग होते: जुनी पद्धत ठेवायची की बदलायची, आणि बदलायचीच झाली तर चारांपैकी कोणती. पर्याय चार ठेवले की बदलाची मते फुटतील, अशी अपेक्षा काहींना असावी. तसे झाले नाही. ८४.७ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली आणि पर्यायांमध्ये मिश्र प्रमाणशीर पद्धतीला ७०.५ टक्के. आयोगाने सहा वर्षे आधी एकाच पद्धतीवर बोट ठेवले होते, म्हणून मते एकवटली. मतदान मात्र ५५ टक्केच झाले होते.

६ नोव्हेंबर १९९३ चे सार्वमत बंधनकारक होते आणि सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच झाले. विरोधकांच्या मोहिमेमागे उद्योगजगतातला मोठा पैसा होता. खासदार ९९ वरून १२० होणार, आणि यादीतले सदस्य पक्षाच्या मर्जीतले असणार, हे त्यांचे मुख्य मुद्दे. दुसऱ्या बाजूने लोकपालांच्या अध्यक्षतेखालचे एक मंडळ सरकारी खर्चाने तटस्थ माहिती देत होते. नवी पद्धत ५३.९ टक्के मतांनी जिंकली.

त्याच दिवशीच्या निवडणुकीत जुन्या पद्धतीने आपल्याविरुद्धचा शेवटचा पुरावा दिला. नॅशनलला ३५.१ टक्के मते आणि ९९ पैकी ५० जागा, म्हणजे निसटते बहुमत. अलायन्स या आघाडीला १८.२ टक्के मते आणि दोन जागा. सभागृहात एकेक मत इतके मोलाचे होते की सभापतिपद विरोधी लेबरच्या सदस्याला द्यावे लागले.

ब्रिटनने २०११ मध्ये याच प्रश्नावर सार्वमत घेतले, तेव्हा लोकांसमोर एकच पर्याय होता, पसंतीक्रमाची पद्धत. स्वतंत्र आयोगाने सुचवलेला नव्हे, सत्ताधारी आघाडीतल्या दोन पक्षांच्या वाटाघाटीतून निघालेला. तो ६७.९ टक्क्यांनी फेटाळला गेला. कॅनडात २०१५ मध्ये निवडून आलेल्या सरकारने पद्धत बदलण्याचे वचन दिले आणि २०१७ मध्ये सोडून दिले. प्रश्न लोकांपर्यंत कोण नेतो आणि किती तयारीने नेतो, यावर बरेच काही ठरते.

तिसरा निर्णय: कायद्याच्या मसुद्यात झालेले फेरफार

सार्वमताचा निकाल अमलात आणणारा कायदा १९९३ मध्येच मंजूर झाला होता. त्यात संसदेने आयोगाच्या शिफारशींना दोन ठिकाणी हात लावला.

माओरींच्या राखीव जागा राहिल्या, आणि त्यांची संख्या माओरी मतदारयादीनुसार बदलेल असे ठरले. ही दुरुस्ती योग्य होती. माओरी समाजाने स्पष्टपणे सांगितले होते की या जागा आम्हाला हव्या आहेत, आणि त्यांचा आवाज आयोगाच्या तर्कापेक्षा जास्त वजनाचा होता. चारच्या पाच झाल्या, २००२ पर्यंत सात.

दुसरा बदल किमान मतांच्या अटीत झाला: चार टक्क्यांचे पाच टक्के. शिवाय कायद्यात एक सवलत राहिली. पाच टक्के नसले तरी एक मतदारसंघ जिंकला की पक्षाला पूर्ण प्रमाणात यादीचा वाटा. जर्मनीतही पाच टक्केच आहेत, असे समर्थन दिले गेले. एका टक्क्याने काय बिघडते, असे तेव्हा वाटले असेल. काय बिघडले ते पुढे आकड्यांनीच दाखवले.

संक्रमण: नियम लागू होण्याआधीच पक्ष फुटले

पहिली नवी निवडणूक १९९६ मध्ये व्हायची होती, पण पक्षपद्धत त्याआधीच हलली. आता लहान पक्षाला जागा मिळू शकतात म्हटल्यावर मोठ्या पक्षांत नाइलाजाने राहिलेल्यांना बाहेर पडणे परवडू लागले. १९९५ मध्ये दोन्ही पक्षांतले मध्यममार्गी खासदार एकत्र येऊन नवा पक्ष झाला. बाजारवादी सुधारणांचे कट्टर समर्थक आपला पक्ष काढून बसले. नॅशनलने हाकललेल्या एका माजी मंत्र्याने आधीच न्यूझीलंड फर्स्ट स्थापला होता. द्युव्हर्जे यांनी सांगितलेला मानसिक परिणाम इथे उलट दिशेने चालताना दिसतो: जुन्या नियमात मते वाया जाण्याची भीती माणसांना एकत्र बांधून ठेवते, ती भीती गेली की गाठी सुटतात.

मतपत्रिकेवर आता दोन रकाने आले. डावीकडे पक्षाला मत, उजवीकडे मतदारसंघातल्या उमेदवाराला. सरकार कोणाचे हे डावीकडची खूण ठरवते. उमेदवार आवडता पण पक्ष नावडता, अशा मतदाराला पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगता आल्या.

चौथा निर्णय: १९९६ च्या वाटाघाटी

१२ ऑक्टोबर १९९६. नॅशनल ४४, लेबर ३७, न्यूझीलंड फर्स्ट १७, अलायन्स १३, बाजारवादी ॲक्ट पक्ष ८, मध्यममार्गी पक्ष १. बहुमताला लागणाऱ्या एकसष्ट जागा कोणाकडेच नाहीत आणि न्यूझीलंड फर्स्टशिवाय कोणाचेही गणित जमत नव्हते.

त्या पक्षाच्या नेत्याने प्रचारभर नॅशनलवर टीका केली होती. दीर्घकाळ लेबरचा गड असलेल्या माओरी जागा, पाचही, त्याच्या पक्षाने घेतल्या होत्या, आणि तिथल्या मतदारांना वाटत होते की तो लेबरबरोबर जाईल. त्याने दोघांशीही एकाच वेळी बोलणी चालू ठेवली. आठ आठवडे देशाला सरकार कोणाचे ते कळले नाही. डिसेंबरमध्ये त्याने नॅशनलची निवड केली आणि स्वतः उपपंतप्रधान व कोषमंत्री झाला. करारात धोरणाची कलमे बारीकसारीक तपशिलांसह लिहिली होती.

लहान पक्ष बाजार मांडणारच, आघाडी म्हणजे अस्थिरता, असा निष्कर्ष यावरून त्या वेळी अनेकांनी काढला. मला तो उतावीळ वाटतो. मोजणीनंतर वाटाघाटी होणे हा बहुपक्षीय पद्धतीचा नैसर्गिक भाग आहे; बेल्जियममध्ये २०१०-११ ला त्या ५४१ दिवस चालल्या, नेदरलँड्समध्ये महिनोन्महिने चालतात. अडचण वेगळी होती. मतदारांनी बहुपक्षीय नियमाने मत दिले, पण द्विपक्षीय अपेक्षेने. पक्षही त्याच सवयीत होते. कोणाबरोबर जाऊ हे आधी सांगण्याची प्रथा नाही, मतभेद झाले तर मंत्रिमंडळात कसे वागायचे याचे संकेत नाहीत, वाटाघाटींच्या काळात हंगामी सरकारने काय करावे याचा पुरेसा अनुभव नाही. आयोगाने जागावाटपाचे सूत्र दिले होते. सरकार बनवण्याची रीत कोणी बनवली नव्हती.

डिसेंबर १९९७ मध्ये नॅशनलने पंतप्रधान बदलला. ऑगस्ट १९९८ मध्ये वेलिंग्टन विमानतळातल्या सरकारी हिश्श्याच्या विक्रीवरून आघाडी तुटली. न्यूझीलंड फर्स्टचे बरेच खासदार पक्ष सोडून सरकारबरोबर राहिले आणि सरकार तरले. ज्या नियमाने मतदाराने पक्षाला मत दिले, त्यात यादीवरून आलेला सदस्य पक्ष सोडून खासदार राहतो, हे लोकांना पटण्यासारखे नव्हते. पक्षांतरबंदी कायदा २००१ मध्ये आला, मुदत संपून २००५ मध्ये गेला आणि २०१८ मध्ये पुन्हा आला.

पाचवा निर्णय: वागण्याची रीत बदलणे

या प्रकरणातला सर्वांत कमी बोलला जाणारा, पण मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे. १९९८ मध्येच लेबर आणि अलायन्स या भांडणाऱ्या पक्षांनी जाहीरपणे समेट केला आणि आपण एकत्र सरकार बनवू असे मतदारांना सांगितले. १९९९ मध्ये जिंकल्यावर त्यांचा करार अगदी त्रोटक होता. लहान पक्षाला आपली ओळख जपता यावी म्हणून ठरावीक मुद्द्यांवर उघडपणे असहमत राहण्याची मुभा त्यात होती. एकमुखी मंत्रिमंडळाचा जुना संकेत इथे वाकवला गेला.

पुढे आणखी प्रयोग झाले. अर्थसंकल्प आणि विश्वासमत एवढ्यापुरताच पाठिंबा देणारे करार आले. २००५ मध्ये न्यूझीलंड फर्स्टचा नेता परराष्ट्रमंत्री झाला, पण मंत्रिमंडळाबाहेर राहून. यातले काहीही १९९३ च्या कायद्यात नव्हते. कायद्याने पक्ष वाढवले, आणि एकत्र राहण्याची रीत पक्षांनी ठेचा खात शिकली.

परिणाम

सभागृहातल्या पक्षांचे वजन लक्षात घेऊन अभ्यासक परिणामकारक पक्षांची संख्या काढतात. ती १९९३ मध्ये दोनच्या किंचित वर होती, १९९६ मध्ये पावणेचारच्या आसपास गेली. पण स्पर्धेचे दोन ध्रुव मोडले नाहीत. प्रत्येक सरकारचे नेतृत्व लेबरकडे किंवा नॅशनलकडेच राहिले. मधल्या पक्षांनी त्यांना कोणत्या बाजूला ओढायचे ते ठरवले. पक्षांची संख्या आणि पक्षपद्धत या वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी सुरुवातीला म्हटले त्याचा हा अर्थ.

सभागृहाचा चेहरा बदलला. १९९३ मध्ये महिला खासदार २१ टक्के होत्या, १९९६ मध्ये २९ टक्के, आणि २०२२ मध्ये निम्म्या झाल्या. माओरी खासदार राखीव जागांबाहेरूनही, यादीतून येऊ लागले.

२०१७ मध्ये ५६ जागांचा नॅशनल सर्वांत मोठा पक्ष असूनही विरोधात बसला. लेबर, न्यूझीलंड फर्स्ट आणि ग्रीन यांचे गणित जमले. अनेकांना ते खटकले. पण संसदीय पद्धतीत सभागृहाचा विश्वास ज्याच्यामागे तो सरकार बनवतो, पहिला क्रमांक कोणाचा याला त्यात स्थान नाही. २०२० मध्ये लेबरने ६५ जागांचे एकपक्षीय बहुमतही मिळवले, तेही निम्म्या मतांवर.

लोकांनी ही पद्धत पारखून ठेवली. २६ नोव्हेंबर २०११ ला पुन्हा सार्वमत झाले आणि ५७.८ टक्के वैध मते ती कायम ठेवण्याच्या बाजूने पडली.

काय वेगळे करता आले असते

किमान मतांचा आकडा आयोगाने सुचवला तोच ठेवायला हवा होता, निदान बदलताना लोकांना नीट कारण सांगायला हवे होते. १९९९ मध्ये न्यूझीलंड फर्स्टला ४.३ टक्के मते मिळाली. नेत्याने टौरंगा मतदारसंघ ६३ मतांनी राखला, म्हणून पक्षाला पाच जागा. ती ६३ मते नसती तर शून्य. २००८ मध्ये त्याच पक्षाला ४.०७ टक्के, सुमारे ९५ हजार मते मिळाली, पण मतदारसंघ मिळाला नाही. सगळी मते वाया. त्याच निवडणुकीत ॲक्टला ३.६५ टक्के, सुमारे ८५ हजार मते, आणि ऑकलंडमधला एप्सम मतदारसंघ, जागा पाच. मतांच्या प्रमाणात जागा देण्यासाठी आणलेल्या पद्धतीत कमी मतांना पाच आणि जास्त मतांना शून्य, हे समर्थन करता येण्यासारखे नाही. याच सवलतीमुळे मोठ्या पक्षाने आपल्याच मतदारांना मित्रपक्षाच्या उमेदवाराकडे वळवण्याचे डावपेचही सुरू झाले.

निवडणूक आयोगाने २०१२ च्या आढाव्यात चार टक्के आणि एका मतदारसंघाची सवलत रद्द, अशी शिफारस केली. पक्षांत एकमत नाही म्हणून ती बाजूला पडली. २०२३ च्या स्वतंत्र आढाव्याने साडेतीन टक्के सुचवले आणि तीच सवलत काढायला सांगितले. ज्यांच्या जागा या नियमावर टिकतात तेच यावर मत देणार असतील, तर हा आकडा संसदेकडे ठेवावा का, याचा निर्णय १९९३ मध्येच घ्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट, सार्वमत आणि पहिली निवडणूक यांमधल्या तीन वर्षांत सरकार बनवण्याच्या संकेतांवर काम व्हायला हवे होते. हंगामी सरकारची मर्यादा, वाटाघाटींची जाहीर कालरेषा, पक्षांनी प्रचारातच आपले संभाव्य साथीदार सांगणे. जर्मनीत चॅन्सेलरला सभागृह निवडते, त्याला हटवायचे तर पर्यायी नाव पुढे करावे लागते. न्यूझीलंडने जर्मनीचे मतदान घेतले, हा भाग घेतला नाही. घ्यायलाच हवा होता असे नाही, पण त्याच्या जागी काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

इटलीची तुलना इथे उद्बोधक आहे. तिथे त्याच १९९३ मध्ये सार्वमतानंतर उलटी दिशा धरली गेली: प्रमाणशीर पद्धत सोडून तीन चतुर्थांश जागा एकसदस्यीय केल्या. हेतू पक्ष कमी करण्याचा. पक्ष कमी झाले नाहीत. लहान पक्षांनी निवडणुकीआधीच आघाड्यांत शिरून सुरक्षित मतदारसंघ मागून घेतले. दोन ध्रुव झाले, पक्ष तितकेच राहिले. दोन्ही देशांत नियमाने काम केले, पण पक्षांनी त्याला दिलेले उत्तर नियम करणाऱ्यांच्या हिशोबात नव्हते.

२०२३ ची निवडणूक १९९६ शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तोच न्यूझीलंड फर्स्ट, तोच नेता. पण मतदानाआधीच लेबरच्या नेत्याने त्याच्याबरोबर जाणार नाही असे जाहीर केले होते, त्यानेही लेबरला नकार दिला होता, आणि नॅशनलच्या नेत्याने गरज पडली तर त्याच्याशी बोलू असे सांगून टाकले होते. १४ ऑक्टोबरच्या मतदानानंतर सहा आठवड्यांत नॅशनल, ॲक्ट आणि न्यूझीलंड फर्स्ट यांचे सरकार झाले. उपपंतप्रधानपद मुदतीच्या मध्यावर एका लहान पक्षाकडून दुसऱ्याकडे जाईल, हे करारातच लिहिले होते, आणि २०२५ च्या मे अखेरीस ते ठरल्याप्रमाणे गेले.